बोटाएवढं भोक

कुणाचाही कोट हातात आला की रफूताई आधी तो उलटा करायच्या. गिऱ्हाईक सांगत असायचं, "अहो, भोक बाहेरच्या बाजूला आहे," आणि या आपल्या अस्तरावरून हात फिरवतायत, शिवण चिमटीत धरून बघतायत, मधूनच "हं" म्हणतायत. वरून काय, सगळेच कोट चांगले दिसतात, असं त्यांचं मत. कॉलर हातानं बसवलीय की नुसती चिकटवलीय, छातीशी घोड्याच्या केसांचं कॅनव्हास आहे की पुठ्ठ्यासारखं काहीतरी कोंबलंय, बटणं शिंगाची आहेत की प्लास्टिकची, हे सगळं बघून झालं की मग त्या भोकाकडे वळायच्या. कोट चांगला शिवलेला निघाला तर त्यांचा चेहरा असा खुलायचा की गिऱ्हाइकाला वाटावं, आपलंच कौतुक चाललंय. त्यात त्याचा काही संबंध नसायचा.

त्यांचं दुकान म्हणजे एका दुमजली इमारतीच्या जिन्याखालची जागा. छत तिरपं, त्यामुळे उंच गिऱ्हाइकाला आत येताना वाकावं लागायचं आणि जाताना हमखास डोकं आपटायचं. एका बाजूला किल्लीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला. मध्ये एक दिवा, एक खुर्ची, भिंतीला सात खुंट्या आणि ताई. अठ्ठावीस वर्षं हे असंच होतं.

लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना सुईत दोरा ओवण्यापलीकडे काही येत नव्हतं. सासूबाई रफूगार. त्यांनी पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या हातानं एका सुती रुमालाला भोक पाडलं आणि तो सुनेपुढे टाकला. म्हणाल्या, "बुजव. आणि कुठे होतं ते मला सापडता कामा नये." चार महिने रोज नवं भोक, आणि रोज सासूबाईंना ते चुटकीसरशी सापडायचं. पाचव्या महिन्यात त्यांनी रुमाल तीनदा उलटापालटा केला, चष्मा पुसला, उजेडाशी नेला आणि एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून दुकानात बैस." ताईंना आयुष्यात मिळालेलं एकमेव प्रमाणपत्र ते.

दुकानाचा एक नियम होता. सूत, लोकर, रेशीम, लिनन, यांपलीकडचं कापड आत घ्यायचं नाही. शंका आली तर ताई शिवणीतून एक धागा ओढायच्या आणि काडेपेटी काढायच्या. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सूत कागदासारखं जळतं. पण धागा वितळून त्याची टोकाला गोळी झाली की ताई कोट घडी घालून परत द्यायच्या. "वितळतं त्याला मी हात लावत नाही." गिऱ्हाईक रागावून निघून जायचं, डोकं आपटून.

गंमत अशी की वितळणारं कापड ताईंच्या घरातच नांदत होतं. त्यांचा नवरा बस डेपोत टाइमकीपर. त्याचे सगळे शर्ट पॉलिएस्टरचे, लांबून चकाकणारे. संध्याकाळी धुवावा, सकाळी घालावा, इस्त्रीचं नाव नाही. "अगं, अकरा वर्षं झाली या शर्टाला," तो अभिमानानं सांगायचा, "काही म्हणजे काही झालेलं नाही."

"तेच तर," ताई म्हणायच्या. "काही होतच नाही त्याला. घाम पीत नाही, मऊ पडत नाही, विरत नाही. शर्टानं माणसाबरोबर थोडं म्हातारं व्हायला नको?"

"मी होतोय ना म्हातारा. शर्ट तरी राहू दे."

या वादाचा निकाल कधी लागला नाही, आणि दोघांनाही तो लागायला नको होता.

एका सोमवारी ताई मान खाली घालून एका पँटच्या गुडघ्याशी झुंजत होत्या, तेव्हा डोक्यावरून आवाज आला, "कोट रफू करायचा आहे."

ताईंचा हात आपसूक पिशवीकडे गेला. या आवाजानं बोललं की बस लागलेली असते, हे शहरात सगळ्यांना पाठ होतं. किल्लीवाल्यानंही दचकून मान वर केली. चौतीस वर्षं बसस्टँडच्या कर्ण्यातून हाच आवाज सांगत आला होता, कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुणाची छत्री चौकशीच्या खिडकीपाशी ठेवली आहे. लोक त्यांना फलाटवाले काका म्हणायचे. पण आतल्या बाजूच्या काचेच्या खोलीत बसलेल्या या माणसाला प्रवाशांपैकी कुणी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं तर लहानखुरे, सडपातळ गृहस्थ, आणि आवाज त्यांच्यापेक्षा दोन मापं मोठा.

कोट मात्र त्यांच्या मापाचा होता, आणि काय कोट होता! जाडजूड तपकिरी लोकर, माशाच्या काट्यासारखी तिरपी वीण, बाहेरून लावलेले दोन ऐसपैस खिसे. ताईंनी तो उलटा केला आणि "हं" म्हणायचंच विसरल्या. प्रत्येक टाका हातचा. शिवणीच्या आत शिंपी जादा कापड सोडतो, त्याला माया म्हणतात. हल्लीच्या कोटांत ती नखाएवढीही नसते. इथे चांगली तीन बोटं.

"कुणी शिवला हो हा?"

"मामांनी. शिंपी होते. म्हणाले, भाचा पुढे जाड होईल, तेव्हा कोट सैल करता येईल." काका ओशाळून हसले. "मी झालोच नाही जाड."

"फार उपकार केलेत. आता या मायेतूनच धागे काढते, म्हणजे रंगाला रंग मिळेल."

भोक डाव्या खिशावर होतं, खालच्या कोपऱ्याशी. कधीतरी कसरीनं सुरुवात केलेली, पुढे आपोआप वाढत गेलेलं, आतल्या अस्तरासकट आरपार. बोट जाईल एवढं.

"रविवारी डेपोला पन्नास वर्षं होतायत," काका म्हणाले. "मला व्यासपीठावर बोलायला सांगितलंय. सून म्हणाली, बाबा, भोक पडलेला कोट घालून जाऊ नका." मग जरा थांबून, "तसं बुजवलंच पाहिजे असं नाही म्हणा. पण सून म्हणते."

ताईंचं या शेवटच्या वाक्याकडे लक्ष नव्हतं. त्या मामांचे टाके बघत होत्या.

तीन दिवस त्यांनी दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खिसा उसवून काढला, मायेतून एकेक धागा सोडवला, उभे धागे ताणले, आडवे त्यांतून विणत नेले, तिरकी वीण जिथे वळते तिथेच वळवली. मागे अस्तराला नवा तुकडा जोडला आणि खिसा पुन्हा बसवला. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण असा कोट हातात आल्यावर थांबतंय कोण! खिसा लोंबत होता, तो सरळ केला. चार बटणांतलं एक प्लास्टिकचं होतं. ताईंनी डब्यात जपून ठेवलेलं शिंगाचं बटण काढून लावलं. वाफ दिली, ब्रश मारला, एक रात्र टांगून ठेवला. सांगितली होती एक गोष्ट, यांनी केल्या पाच. इथेच त्यांचं चुकलं.

गुरुवारी काका आले. ताईंनी कोट पुढे धरला, त्यांनी हात घातले, खांदे नीट केले. सवयीनं डावा हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. बटण पाहिलं. पुन्हा खिसा चाचपला. चेहरा पार उतरला.

"हा माझा कोट नाही."

"अहो, असं काय करता? हाच की!"

"माझा खिसा लोंबतो. माझं एक बटण वेगळं आहे. भोक कुठे होतं ते दाखवा."

ताईंनी खिसा दिव्याखाली धरला. मग बाहेर उन्हात नेला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कोपऱ्याशी होतं एवढं आठवत होतं, पण वीण अशी सलग धावत होती की त्यांचं त्यांनाच सापडेना. सासूबाई असत्या तर लाडू वाटले असते. पण सासूबाई नव्हत्या, समोर काका होते, आणि त्यांना दिसलं ते एवढंच, की बाईंना दाखवता येत नाही.

"पुरावा आत आहे," ताई म्हणाल्या. "थांबा, अस्तर उसवून दाखवते."

"दुसऱ्याचा कोट माझ्यासाठी उसवू नका," काका म्हणाले. त्यांनी कोट काढून ठेवला. ते ओरडले मुळीच नाहीत. पण चौतीस वर्षांचा तो आवाज, प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येक शब्द शेवटच्या फलाटापर्यंत पोचणारा. "माझा कोट, या दुकानात, बदलला गेला आहे. कृपया शोधून ठेवावा."

गल्लीच्या दोन्ही टोकांना ते ऐकू गेलं. झेरॉक्सचं यंत्रसुद्धा मध्येच थांबलं.

तासाभरात दोन गिऱ्हाइकं आपापले कोट बघायला आली, "सहज आलो होतो" म्हणत. तिसऱ्यानं बघायचेही कष्ट घेतले नाहीत. न झालेल्या कामासकट सूट परत घेऊन गेला. ताईंनी तो घडी करून दिला. अठ्ठावीस वर्षांत त्यांना कुणी महाग म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, पण कुणाचा कोट बदलला असं कुणी म्हटलं नव्हतं. दुकानाला पाटी नव्हती. नाव होतं, तेवढंच होतं. ते गेलं तर उरल्या सात खुंट्या.

दुकानात त्यांना नुसता संताप आला होता. रडू घरी आलं, ताट वाढताना.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. बायकोची बाजू घेऊन चार शब्द बोलावेत तर ते नाही, हा घास हातात धरून कुठेतरी बघत बसलेला.

"डाव्या खिशात हात घातला आणि मग म्हणाले?"

"हो. का?"

"अगं, माझी खिडकी त्यांच्या काचेसमोर. वीस वर्षं बघतोय. बोलायच्या आधी डावा हात कोटाच्या खिशात जायचा आणि त्या भोकातून एक बोट बाहेर यायचं. ते बोट हललं की समजायचं, आता गाडी सांगणार. मी त्यावर घड्याळ बघायचो."

"आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

"मला काय माहीत, तो कोट तू बुजवलास ते! एकदा आठवतं, उन्हाळ्यात त्यांनी कोट घरी ठेवला होता. दिवसभर अडखळले. सहाच्या फलाटाची माणसं दोनवर गेली."

ताई चमच्यानं वाटी ढवळत बसल्या. वाटीत काहीच नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाला सूत आणि लोकर यांतला फरक कळला नाही, त्याला बोट मात्र बरोबर दिसलं होतं. आणि आपण मामांचे टाके बघत बसलो, भाच्याकडे पाहिलंच नाही, याची त्यांना लाज वाटली.

शनिवारी दोघं काकांच्या घरी गेली. चौथा मजला. दाराशी पोचायच्या आधीच आतून आवाज आला, "सन्माननीय अध्यक्ष, आणि..." मग शांतता. पुन्हा, "सन्माननीय अध्यक्ष..." पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा अध्यक्षांपर्यंतही गाडी गेली नाही.

दार सुनेनं उघडलं. काका खिडकीपाशी उभे होते, एका हातात कागद. दुसरा हात सदऱ्याच्या कडेला काहीतरी शोधत होता. ताईंना पाहून तो हात मागे गेला.

ताईंनी वाद घातला नाही. कोट टेबलावर पसरला, काकांना जवळ बोलावलं आणि त्यांच्यासमोर खिशाच्या अस्तराची शिवण टाका टाका उसवली. आत हात घालून खिसा उलटा केला. लोकरीची मागची बाजू वर आली. तिथे, खालच्या कोपऱ्याशी, बोटाएवढा एक गोल होता. धाग्यांची बारीक टोकं, दाट, किंचित खरबरीत.

"बाहेरून मलाही दिसत नाही," ताई म्हणाल्या. "आतून लपत नाही. बोट लावून बघा."

काकांनी बोट लावलं. बराच वेळ काढलं नाही. मग त्यांनी कोट उचलला, मामांचे खांद्याचे टाके पाहिले आणि खुर्चीत बसले.

"माझाच आहे," ते म्हणाले. आवाज आता त्यांच्या मापाचा होता. "माझाच आहे, ताई. मी काय बोलून बसलो तुम्हाला. अख्ख्या गल्लीत." मग कोट मांडीवर घेऊन, "पण आता मी उद्या बोलणार कसं?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. तिला हे नवीनच होतं. "बाबा, तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? भोक राहू दे, त्याच्याशिवाय मला बोलता येत नाही? वेडा म्हणाली असतीस."

"ताई उसवतील की परत," नवरा म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

ताईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मनात मात्र त्यांनीही तेच चाचपून पाहिलं होतं. उसवलं तर लोकरीत पुन्हा जोर राहणार नाही. भोक वाढत जाईल, वर्षा-दोन वर्षांत खिसा जाईल, मग कोट. आणि मायेत आता पुरेसे धागेही उरले नव्हते. शिवाय खरं सांगायचं तर, असं काम आपल्या हातून पुन्हा होईल याची त्यांना खात्री नव्हती.

त्यांनी पिशवीतून सुई काढली. रेशमी दोरा काढला. खिशाचं अस्तर सपाट केलं, रफूच्या बरोबर मागची जागा बघितली आणि आपण अस्तराला जोडलेला नवा तुकडा कात्रीच्या टोकानं कापला.

"अगं, हे काय करतेस?" नवरा ओरडला.

"काज."

सदऱ्याला बटणासाठी करतात तसंच काज, फक्त बोटाच्या मापाचं. कडेनं रेशमाचे टाके घट्ट एकाला एक लावून, अगदी गुळगुळीत. अठ्ठावीस वर्षं भोकं बुजवणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच एक भोक मुद्दाम पाडलं होतं, आणि ते नीटनेटकं व्हावं म्हणून सुनेनं आणून ठेवलेल्या चहाकडे पाहिलं नव्हतं. मग खिसा बंद करून त्यांनी कोट काकांच्या अंगावर चढवला.

"हात खिशात घाला. कोपऱ्यात बोट सरकवा. बाहेर येणार नाही ते, कुणाला दिसणारही नाही. पण लोकरीला लागेल. लागलं?"

"खरखरतंय," काका म्हणाले.

"तेच माझं काम. तेवढं एकच ठिकाण आहे ते कळायचं."

रविवारी डेपोच्या आवारात मंडप होता, खुर्च्या होत्या, आणि खुर्च्यांवर निम्मी गल्ली होती. किल्लीवाला आला होता, झेरॉक्सवाला आला होता, सूट परत नेणारे गृहस्थ दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्या अंगावरचा कोट ताईंनी दुरूनच ओळखला: वितळणारा.

फलाटवाले काकांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले. तपकिरी कोटावर ऊन पडलं होतं आणि त्या जुन्या लोकरीचा रंग असा खुलला होता की रांगेतल्या दोन-तीन बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. काका माइकसमोर उभे राहिले. समोर काच नव्हती. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"सन्माननीय अध्यक्ष," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

डावा हात खिशात गेला होता. पण जुन्या सवयीचं बोट थेट बाहेरचा रस्ता शोधत होतं, आणि तिथे ताईंनी विणलेली भिंत. कुणीतरी खोकलं. मागून एकजण हसला. ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि सरळ हात वर करून बोटानं खूण केली: खाली, कोपऱ्यात, आत.

काकांनी पाहिलं. खिसा किंचित हलला.

टाइमकीपरनं सवयीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," तो आवाज आला, आणि आवारातली सगळी माणसं क्षणभर पिशव्या सावरत उठायच्या बेतात आली, मग हसत खाली बसली. "एक सूचना आहे. गेल्या गुरुवारी, जिन्याखालच्या रफूच्या दुकानात, माझा कोट बदलला गेल्याची घोषणा मी केली होती. ती घोषणा चुकीची होती. कोट माझाच होता. काम इतकं चांगलं झालं होतं की मला माझा कोट ओळखता आला नाही. झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे." ते थांबले. मग कर्ण्यातून नेहमी यायचं तसंच आलं, "सूचना पुन्हा एकदा ऐका." आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत त्यांनी ती पुन्हा सांगितली.

दुसऱ्या रांगेतले गृहस्थ आपल्या कोटाच्या बाहीकडे बघत बसले. किल्लीवाल्यानं वळून ताईंना हात केला. ताईंनी हातरुमाल काढला. सुती होता, पाणी छान पीत होता.

काकांचं भाषण पुढे चांगलं रंगलं. नवऱ्याचं लक्ष मात्र भाषणात नव्हतं. तो डोळे बारीक करून व्यासपीठाकडे बघत होता.

"कोट सुरेख आहे गं," तो कुजबुजला. एवढ्या वर्षांत कापडाबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. "पण नेमकं कुठे केलंस तू?"

"डाव्या खिशावर. सापडतंय का बघा."

त्यानं खूप वेळ पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"नाही बुवा," तो म्हणाला.

ताईंना सासूबाई आठवल्या. त्यांनी रुमालाची घडी केली आणि नवऱ्याच्या त्या चकाकणाऱ्या बाहीवर हात ठेवला, भाषण संपेपर्यंत.